कार्लच्या नावावरची गिरणी

वारा सुटला की आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची स्टीलची भांडी बारीक किणकिणू लागत. अंगणापलीकडे पवनचक्की फिरायला लागलेली असे. नुसत्या आवाजावरून दळण कुठलं चाललंय ते कळतं, असं आई म्हणायची. गुरांचा भरडा असला की आवाज जाड, राय नावाचं धान्य असलं की जरा गुळगुळीत. मला तेवढं कळत नसे. पण चक्की थांबली की घर एकदम रिकामं वाटे, हे मात्र अजून आठवतं. हॅनोव्हरपासून बसने पाऊण तासावरच्या त्या गावात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि खाली गिरणीवाल्यांचं कुटुंब. बाबा हॅनोव्हरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. शहरातली घरं फोनवर रिकामी असत आणि आम्ही बघायला गेलो की कालच गेलेली असत. शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी हे घर सुचवलं. आता माझ्या नातीला पवनचक्की म्हटलं की ऑटोबानच्या कडेचे पांढरे उंच खांब आठवतात. आमची चक्की तशी नव्हती. खाली विटांची, वर लाकडाची, कमरेशी गोल सज्जा असलेली, चार लांब पात्यांची, पिठाच्या आणि तेलकट लाकडाच्या वासाची.

ती फोस नावाच्या कुटुंबाने बांधली होती. तीन पिढ्या त्यांनी तिथे दळलं. सज्ज्यावर यायला समोरासमोर दोन दारं असतात. पाती एका दारासमोर फिरत असली की दुसऱ्याने बाहेर पडायचं. फोसांचा शेवटचा माणूस एका धुक्याच्या सकाळी चुकीच्या दाराने बाहेर आला. त्याच्या विधवेने चक्की त्यांच्याचकडे काम करणाऱ्या ब्रिंकमानला विकली, आणि मग चार पिढ्या ब्रिंकमान दळत राहिले. आतल्या एका जाड तुळईवर सगळ्यांची नावं चाकूने कोरलेली होती. फोस तिघे, त्यांच्याखाली ब्रिंकमान चौघे. शेवटचं नाव कार्लचं. ते त्याने सतरा वर्षांचा असताना कोरलं होतं आणि त्यातलं एक अक्षर जरा घसरलेलं होतं.

प्रत्यक्षात मात्र गिरणी एर्न्स्ट चालवत होता. त्याचं नाव तुळईवर नव्हतं. तो फार पूर्वेकडचा, जो मुलूख युद्धानंतर पोलंडमध्ये गेला तिथला. त्याच्या घरचीही गिरणी होती, नदीवरची. तिथून हाकलले गेल्यावर एक पिशवी घेऊन तो चालत या गावात आला. म्हातारा ब्रिंकमान तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता आणि त्याचा मुलगा कार्ल रशियातून परतला नव्हता. एर्न्स्टने काम मागितलं, त्यांनी दिलं. म्हातारा गेला, काही वर्षांनी एर्न्स्टचं आणि ब्रिंकमानांच्या मुलीचं, हान्नाचं, लग्न झालं. मूलबाळ झालं नाही. आम्ही राहायला गेलो तोवर त्याला तिथे पंचवीस वर्षं उलटून गेली होती, तरी गावाच्या लेखी तो ब्रिंकमानांकडचा गडीच होता. हान्नाची आई, जिला मीही ओमा, म्हणजे आजी, म्हणायचे, ती त्याला नावाने हाक मारत नसे. ती म्हणे ‘गेझेले’. धंदा शिकलेला पण मालक नसलेला कारागीर, असा त्या शब्दाचा अर्थ. ती ते रागाने म्हणत नसे. तिच्या दृष्टीने ती खरीच गोष्ट होती, कारण मालक कार्ल होता आणि तो यायचा होता.

कार्ल बेपत्ता झाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. मेल्याचं पत्र कधी आलं नाही, आणि ओमाने त्यावर आपलं सगळं आयुष्य उभं केलं होतं. गिरणी तिने त्याच्या नावावर ठेवली होती. त्याला मृत जाहीर करण्याचे कागद आम्टमधून, म्हणजे सरकारी कचेरीतून, अधूनमधून येत, ते ती न वाचता कपाटाच्या खणात टाके. चर्चजवळ युद्धात गेलेल्या गावकऱ्यांचा दगड होता, त्यावर त्याचं नाव तिने घालू दिलं नव्हतं. नोव्हेंबरात त्या मेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार येई. त्या दिवशी सगळं गाव दगडापाशी उभं असताना ओमाच्या हुकमावरून आमची चक्की फिरत असे. ती स्वतः खालच्या खोलीत खिडकीपाशी बसलेली असे. त्या खिडकीतून एका बाजूला रस्ता दिसे, दुसऱ्या बाजूला चक्की. मी शाळेतून आले की ती काचेवर एकदा टकटक करी. म्हणजे, बघितलं मी तुला, जा वर.

आईची आणि एर्न्स्टची ओळख कणकेवरून झाली. दुकानातल्या मैद्यासारख्या पिठाच्या तिच्या पहिल्या पोळ्या थंड झाल्या की पापडासारख्या मोडत. तिला रडू येई, बाबा मुकाट्याने खात. एके दिवशी ती एक पोळी ताटलीत घालून थेट गिरणीत गेली. मी दुभाषी म्हणून बरोबर होते. एर्न्स्टने पोळी मोडली, वास घेतला, तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिला. मग त्याने वेगवेगळं दळून चिमूटचिमूट तिच्या तळहातावर ठेवलं. ती अंगठा आणि बोटात चोळून बघे आणि मान हलवी. चौथ्या खेपेला ती हसली. ‘गेनाऊ,’ तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर, आणि आईनेही तो शब्द म्हणून बघितला. तिने आपणहून उच्चारलेला तो पहिला जर्मन शब्द असावा. त्यानंतर महिन्यातून एकदा तो आईचं दळण करून कापडी पिशवी जिन्यात ठेवून जाई. पिशवीला हात लावला की पीठ अजून कोमट लागे. उन्हाळ्याच्या शेवटी हान्ना अलुबुखारांचा केक करी, त्याचा मोठा तुकडा वर येई, आणि आई खाली पुरणपोळ्या पाठवी. ओमा त्या काट्याचमच्याने खात असे.

पात्यांची भाषा मला एर्न्स्टने शिकवली. गावातला म्हातारा बेकर वारला त्या दिवशी चक्की थांबलेली होती आणि पाती नेहमीसारखी फुलीत नव्हती, जराशी कललेली होती. मी विचारलं, तेव्हा त्याने सज्ज्यावर नेऊन दाखवलं. पातं सगळ्यात खाली येण्याच्या जरासं आधी थांबवलं, म्हणजे काहीतरी येणार आहे: लग्न, बारसं. तिथून थोडं पुढे जाऊन थांबवलं, म्हणजे कुणीतरी गेलं. पूर्वी फोन नव्हते तेव्हा शेतातल्या लोकांना लांबून यावरून कळायचं. गिरणीच्या स्वतःच्या घरात कुणी गेलं तर आणखी एक खूण होती. सज्ज्याच्या कठड्याला काळं कापड बांधत. ‘ते मी एकदाच बांधलंय,’ तो म्हणाला. म्हाताऱ्या ब्रिंकमानसाठी.

मी अकरा वर्षांची असताना आईचे वडील गेले. अण्णा भोरला पोस्टमास्तर होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या तारा घेतल्या आणि पाठवल्या, आणि त्यांच्या जाण्याची तार आमच्याकडे पोचली तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. बाबा यंत्र बसवायच्या कामासाठी कायझर्सलाउटर्नला गेलेले होते. पोस्टमन सकाळी आला. आईने तार वाचली, घडी केली, पोळपाटाखाली ठेवली आणि राहिलेल्या दोन पोळ्या लाटल्या. मग गॅस बंद करून ती न्हाणीघरात गेली. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. बाहेर आल्यावर ओल्या केसांनी भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, ‘अण्णा गेले. मला आता तीन दिवसांचं सुतक.’ ती रडली नाही. काही वेळाने एवढंच म्हणाली, ‘तिकडे असते तर एव्हाना आळीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या असत्या. इथे कुणाला सांगायचं, आणि काय म्हणून सांगायचं?’

ते वाक्य मला सहन झालं नाही. आई तशीच बसलेली होती, खिडकीबाहेर चक्की फिरत होती, रस्त्याने बायका सायकलवरून हसत बोलत चालल्या होत्या. मी खाली उतरले, अंगण ओलांडलं आणि गिरणीत गेले. एर्न्स्ट वरच्या माळ्यावर पोती ओढत होता. मी त्याला सांगितलं की माझे आजोबा वारले आणि आईकडे कुणीही आलेलं नाही. पाती शोकात उभी कर, तीन दिवस. आणि काळं कापडही बांध, कारण आम्हीही याच घरात राहतो.

त्याने हातातलं पोतं खाली ठेवलं. कापडाचं नको, असं तो म्हणाला असता तर पुढचं काही घडलं नसतं. त्याने खिडकीतून ओमाच्या खिडकीकडे एकदा बघितलं, हे मला चांगलं आठवतं. तो काय विचार करत होता हे मी पन्नास वर्षं ताडून बघते आहे. कदाचित त्याला त्याच्या नदीवरच्या गिरणीतली स्वतःची माणसं आठवली असतील, ज्यांच्यासाठी कुणी पातं थांबवलं नव्हतं. तो म्हणाला, ‘जा, तुझ्या आईजवळ बस.’ मी वर आले. थोड्या वेळाने फळीवरची भांडी वाजायची थांबली.

आईला मी खिडकीपाशी बोलावलं आणि पात्यांचा अर्थ सांगितला. ती उठून आली, बघत राहिली, आणि मग तिचा बांध फुटला. ‘अण्णांसाठी?’ ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी इतकी आनंदले होते की खालचा दरवाजा उघडल्याचं मला ऐकू आलं नाही.

ओमा अंगणात उभी होती. काठी नव्हती, शाल नव्हती, पायात नुसते मोजे. ती वर कठड्याच्या काळ्या कापडाकडे बघत होती. मी तिला पहिल्यांदाच खिडकीबाहेर एकटीला बघत होते, आणि ती फार लहान दिसत होती. तिने हाक मारली, ‘एर्न्स्ट.’ नावाने. तो सज्ज्यावरून वाकला. ती म्हणाली, ‘पत्र कुठे आहे? कुणी आणलं?’

तेव्हा मला समजलं मी काय केलं होतं ते. मी जिना धावत उतरले, पण दाराशीच थांबले. एर्न्स्ट खाली आला होता. त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि तिला मुटर, म्हणजे आई, म्हणत सांगितलं, पत्र नाही, कार्लबद्दल काहीच आलेलं नाही. वरच्या बाईंचे वडील गेले, त्यांच्यासाठी आहे. ओमा त्याच्याकडे बघत राहिली. हे तुला कुणी करायला सांगितलं, तिने विचारलं. एर्न्स्टला मी दारात उभी दिसत होते. तो म्हणाला, ‘कुणी नाही. मला वाटलं.’ मी काही बोलले नाही.

हान्ना ओमाला आत नेत होती तोच फाटकाशी शेजारीण आली. तिने सायकल कुंपणाला टेकवली, एप्रनला हात पुसले आणि ओमाचा हात हातात घेऊन म्हणाली, ‘आता तरी तुम्हाला शांती मिळेल, फ्राऊ ब्रिंकमान.’ तिच्या मागोमाग आणखी दोघी. मग शाळेचे मास्तर, मग टोपी हातात घेतलेले शेतकरी. काळं कापड लांबवर दिसलं होतं आणि ब्रिंकमानांच्या घरात कुणासाठी बांधलं असणार हे कुणालाच विचारावं लागलं नाही. हान्ना पहिल्यांदा खुलासा करायला लागली, तेव्हा ओमाने तिला थांबवलं. ‘येऊ दे त्यांना.’ ती पुढच्या खोलीत खुर्चीत बसली आणि संध्याकाळपर्यंत एकेकाचा हात हातात घेत राहिली. पास्टर येऊन गेले. बायकांनी बटरचे केक आणून ठेवले, तिकडे मयताला तोच केक करतात. मी जिन्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होते. कुणीही चकित झालेलं नव्हतं. कसं कळलं, कुठे, केव्हा, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या तोंडात शब्द तयारच होते. तीस वर्षं ओमाला वाटत होतं की तिच्याबरोबर सारं गाव कार्लची वाट बघतंय. गाव तर फक्त तिच्या कबूल करण्याची वाट बघत होतं. हे शब्द मला आता सुचतात. तेव्हा मला एवढंच दिसलं की दर माणसागणिक ती खुर्चीत आणखी मागे जाते आहे.

दिवस कलल्यावर जिन्यात काठीचा आवाज झाला. ओमा कधीच वर आलेली नव्हती. तिच्या मागे हान्ना केकचं ताट घेऊन होती. ओमाने ते आपल्या हातात घेतलं आणि आईसमोर ठेवलं. मला म्हणाली, तुझ्या आईला सांग. ‘हे तुमच्या वडिलांसाठी आलंय. चुकून माझ्याकडे आलं.’

सुतकात असल्यामुळे तिला स्पर्श करावा की नाही या घोळात आई अर्धवट उठली, मग तिने तो विचार सोडून दिला आणि ओमाला हाताला धरून बसवलं. ओमाने विचारलं, वडिलांचं वय काय होतं. आईने सांगितलं, त्र्याहत्तर. आईने विचारलं, मुलाचं वय काय. मी जर्मनमध्ये विचारलं. ओमा म्हणाली, ‘मार्चमध्ये एक्कावन्न होतील.’ मी ते आईला सांगत होते तोच तिने माझ्या हातावर हात ठेवला. ‘थांब,’ ती म्हणाली. ‘एकवीस. एकवीस वर्षांचा होता.’ तिच्या तोंडून ‘होता’ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आईला ते सांगावं लागलं नाही. आईला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओमाने खणातले कागद बाहेर काढायला लावले आणि सह्या केल्या. पाती तीन दिवस तशीच राहिली. काळं कापडही तिने काढायला सांगितलं नाही. त्यानंतर ती खिडकीपाशी बसेनाशी झाली. खुर्ची आत भिंतीकडे फिरवून घेतली. मी शाळेतून येताना काचेकडे बघे, तिथे नुसता पडदा असे. हान्ना सूप नेई आणि तसंच परत आणी. डॉक्टर म्हणाले वय झालंय. ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात ती गेली. दगडावर कार्लचं नाव कोरलं गेलं तेव्हा ते बघायला ती नव्हती.

गिरणी कागदोपत्री हान्नाची आणि एर्न्स्टची झाली, आणि एर्न्स्टने ती पुन्हा वाऱ्यावर चालवली नाही. शेतकऱ्यांचा भरडा तो मोटरवर दळून देई, तेही कमी होत गेलं. मला वाटलं होतं आता तरी तो तुळईवर नाव कोरील. मी एकदा तसं विचारलंही. तो म्हणाला, ‘ब्रिंकमान संपले तिथेच बरं आहे.’ आईचं पीठ मात्र त्याने शेवटपर्यंत दळलं. घरात तो आणि हान्ना एकमेकांशी फारसं बोलत नसत. पूर्वी खालून दोघांचे हसण्याचे आवाज यायचे, ते बंद झाले. आई म्हणायची, आईविना घर असंच होतं. मी मान हलवायचे.

त्या काळातल्या कुणालाच आता मी काही सांगू शकत नाही. एर्न्स्ट शहरात गेल्यावर सहा वर्षांनी वारला. हान्ना नव्वदीपर्यंत जगली, मी तिला दरवर्षी भेटायला जात असे, केक खात असे, आणि दरवेळी उद्या सांगू म्हणून परत येत असे. आई तर अण्णांसाठी एका परक्या गावाने शोक पाळला ही गोष्ट पुण्यात, मुंबईत, जो भेटेल त्याला सांगायची. इथे हॅनोव्हरमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलींनाही सांगायची. त्यांचे डोळे भरून येत. ती सांगत असताना मी चहा करायला उठायचे.

एर्न्स्ट आणि हान्ना गाव सोडून गेले तो दिवस सांगते आणि थांबते. मी तेरा वर्षांची होते. चक्की शहरातल्या एका जोडप्याला सुट्टीचं घर म्हणून विकली होती. सामानाचा ट्रक अंगणात उभा होता. आई पोळ्यांचा डबा घेऊन खाली उतरली. हान्नाने डबा घेतला, आईला मिठी मारली आणि रडायला लागली. रडता रडता ती भराभर बोलत होती. आईला थोडंफार जर्मन येऊ लागलं होतं, पण इतकं भराभर नाही. तिने माझ्याकडे बघितलं. एर्न्स्ट ट्रकपाशी दोरी आवळत होता, त्याचे हात थांबले.

हान्ना म्हणत होती, ‘त्याने ते करायला नको होतं. मी त्याला माफ केलंय, पण त्याने माझ्या आईला मारलं.’

मी एर्न्स्टकडे बघितलं. त्याने माझ्याकडे सरळ बघून अगदी थोडी मान हलवली. नाही. मग पुन्हा दोरी आवळायला लागला.

आई वाट बघत होती. मी ते वाक्य तिला मराठीत सांगितलं, नीट, एकही शब्द न गाळता, आणि माझा एकही न घालता. आई म्हणाली, ‘तिला सांग, त्यांनी ते माझ्यासाठी केलं. दोष माझ्याकडे येऊ दे.’ मी तेही हान्नाला जर्मनमध्ये सांगितलं. हान्नाने डोळे पुसले, आईच्या गालाला हात लावला आणि ट्रकमध्ये चढून बसली. एर्न्स्टने आईशी हात मिळवला, मग माझ्याशी, मोठ्या माणसाशी मिळवावा तसा. त्याचा तळहात खरखरीत आणि कोरडा होता. मी तो धरून ठेवला होता, त्यालाच सोडवून घ्यावा लागला.